घासलेली घागर

चित्रकलेच्या वर्गात माझं नाव पहिल्यांदा झालं ते भांडं घासल्याबद्दल. नातवंडांना वाटतं, आजी पदरचं घालून सांगते. घालायचंच असतं, तर जरा बरं काही घातलं नसतं का?

तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, आणि आमचं निपाणीही. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तंबाखूचा व्यापार. घरात पाऊल टाकलं की आधी वखारीचा वास यायचा, मग माणसं दिसायची. शाळेत मी नकाशे बरे काढायची, आणि त्यावरून स्वतःबद्दल माझा फार मोठा गैरसमज झाला होता. बेळगावला चित्रकलेच्या वर्गाला जाणारच, म्हणून मी जेवण सोडलं. म्हणजे सगळ्यांच्या देखत सोडलं. दुपारी डब्यातल्या दशम्या कमी व्हायच्या, त्याबद्दल आईनं कधी विचारलं नाही.

शेवटी आप्पा म्हणाले, "एक वरीस. परीक्षेला बसवायच्या लायकीची हाय असं मास्तर म्हणाले, तर पुढचं बघू. न्हायतर परत यायचं, आन् मग माझ्या मनाप्रमाणं." मनाप्रमाणं म्हणजे लग्न, हे फोडून सांगायची गरज नव्हती.

राहायला बेळगावात आत्या होती, आप्पांची थोरली बहीण. तिनं आप्पांना ठोकून दिलं, "काळजी करू नगंस. पोरींना तितं येगळी खोली हाय." वेगळी खोली नव्हती. पोरीही नव्हत्या, मी एकटीच. लांबट कौलारू खोली, एका अंगाला खिडक्या, मधोमध स्टुलावर एखादी वस्तू, आणि तिच्याभोवती अर्धगोल करून बसलेली सगळी मुलं. त्यांत मी.

सुरुवातीला नुसत्या रेघा. मास्तर म्हणायचे, "मनगट विसर. खांद्यातून ओढ." खांद्यातून ओढायला गेलं की पदर घसरायचा. पदर सावरला की रेघ घसरायची. माझी रेघ निघायची सरळ चिकोडीकडे, आणि अर्ध्या वाटेत विचार बदलून भलत्याच गावाला वळायची. शेजारच्या मुलांच्या रेघा बघून मी मनात म्हणायची, यांच्यात भावना नाही.

मग मापं घ्यायला शिकवलं. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत वस्तूची उंची मोजायची. मी घरी आत्याच्या सोप्यावर बसून समोरच्या खांबावर सराव सुरू केला. आत्या बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"अगं बया! कुणाला डोळा मारतीस गं?"

"खांबाला, आत्या."

"खांबाला व्हय! रस्त्यानं जाणारी मानसं काय खांब हाईत?"

त्या दिवसापासून माझा सराव स्वयंपाकघरात, चहाच्या किटलीवर.

आणि मग वर्गात ती घागर आली. तांब्याची, जुनी, काळी पडलेली. पोटावर हिरवट डाग, एका बाजूनं पाण्याचे ओघळ. मास्तरांनी ती घडी केलेल्या घोंगडीवर ठेवली, बुडाभोवती खडूची खूण केली आणि म्हणाले, "घाई करू नका. हिला वेळ लागणार." सगळे शेडिंगला लागले. माझं मात्र कामात लक्ष लागेना. आमच्याकडे काळं भांडं म्हणजे घरातल्या बाईची अब्रू. पाव्हणं आलं की आई आधी घागरी आत सरकवायची, मग 'या' म्हणायची. मला त्या मास्तरांची दया आली. मुलांचा वर्ग, बिचाऱ्यांना घासून देणार कोण!

एके दिवशी सकाळी मी लवकर गेले. पदराच्या टोकाला आत्याच्या बरणीतली चिंच, कागदात राख. मागच्या अंगणात बसून घागर अशी घासली की सूर्यानं तोंड बघावं. मग ती पुन्हा खडूच्या खुणेवर बरोब्बर ठेवली. तेवढी अक्कल मला होती.

मुलं आली. पुढच्या बाकावरचा एक जण, म्हैस हरवलेल्या माणसासारखा, स्टुलाभोवती फिरला. "माझे डाग कुठं गेले?"

बिचारा किती दिवस त्या डागांवर बसला होता. दुसरा माझ्याकडे वळला. "ओ निपाणी! एवढी हौस हाय तर आमच्या खानावळीत या की. भांडी लई हाईत." सगळे हसले. शाबासकीच्या आशेनं उभी असलेली मी तिथल्या तिथं खडूएवढी झाले.

मास्तरांनी आधी घागरीकडे बघितलं, मग माझ्या चिंचेनं पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. "ते डाग मी पावसाळाभर अंगणात ठेवून आणले होते," ते म्हणाले. रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. "चला, नवा कागद घ्या. आता चकचकीत काढा."

काढायला बसले आणि घाबरले. तोवर मला वाटायचं, तांबं तांबडं असतं. घासलेल्या घागरीला स्वतःचं म्हणून काही उरलं नव्हतं. खिडक्या तिच्या पोटावर वाकून बसल्या होत्या, दार एका कडेला धनुष्यासारखं झालं होतं, मुलांची डोकी दुध्यासारखी लांबली होती. लहानपणापासून मी घागरी घासल्या, पण बघायची फक्त डाग. डाग गेला की माझी नजरही जायची, दुसऱ्या भांड्यावर. साफ झालेल्या भांड्यात काय दिसतं, हे बघायला कुणी कधी थांबू दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थांबावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

मी खिडक्या काढल्या, दार काढलं, मुलं काढली. खानावळवाल्याचं डोकं जरा जास्तच लांबवलं. मधोमध मात्र गुळगुळीत ठेवलं. मास्तर पाठीमागे येऊन उभे राहिले.

"इथं मध्ये काय आहे?"

"काही नाही."

"जो बघतो, तो मधोमध दिसतो. तुला तू दिसत नाहीस?"

"दिसते."

"मग?"

काय सांगणार? वर्षाचं काम बघायला आप्पा लवकरच यायचे होते. दोन्ही बाजूंना मुलं आणि मध्ये मी, असं चित्र त्यांच्या हाती पडलं की आत्याची वेगळी खोली कोसळली. मास्तर म्हणाले, "बघणारा वगळून काढणारीला मी परीक्षेला पाठवणार नाही," आणि पुढे गेले.

म्हणजे चित्रात स्वतःला काढलं तर आप्पा घरी नेणार. नाही काढलं तर मास्तर पाठवणार नाहीत, आणि आप्पा घरी नेणार. त्या वेळी मी सत्याचा विचार केला असं सांगायला आवडेल. मी विचार केला चिकोडीच्या एका स्थळाचा. मुलगा गुणी आहे, जेवताना बोलत नाही, असं कानावर आलं होतं. जेवताना न बोलणाऱ्या माणसासमोर जन्म काढायचा? मी खोडरबर उचललं, मधली जागा साफ केली आणि तुरीच्या डाळीएवढी मी काढली. डोक्यावर पदर, एक डोळा मिटलेला, नाक मोठं.

मास्तरांनी बघितलं. "पाठवू," एवढंच म्हणाले.

आप्पा आले ते सोप्यावर बसले. चित्र हातात घेतल्यावर लगेच बघितलं नाही. उठून दारात गेले आणि कागद उजेडाला तिरका धरला. तंबाखूचं पान ते असंच बघायचे.

"ही खिडकी," ते म्हणाले. "हे दार. ही पोरं." बोट मधोमध आलं. "ही कोण?"

"मी."

"दूध उतू जाईल माझं," म्हणत आत्या आत गेली. चुलीवर दूध नव्हतं.

"येगळी खोली हाय म्हणालती आक्का."

"एकच खोली हाय, आप्पा."

आप्पांनी कागद पुन्हा उजेडाला धरला. "पोरं कुणाकडं बघत्यात?"

"घागरीकडं."

"आन् तू?"

"मी बी."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाले, "नाक एवढं कसं गं?"

"घागरीत तसंच दिसतं."

"आक्का, घागर आण बघू."

आत्यानं आणली. काळवंडलेली, तिच्यात कुणीच दिसेना. आप्पांनी ती माझ्याकडे सरकवली. "घास."

मागच्या अंगणात चिंच चोळताना मला वाटलं, झालं, हेच आता आपलं. घासून आणली. आप्पांनी ती सोप्यावर ठेवली, टोपी नीट केली आणि वाकले. नाक त्यांचंही मोठं आलं. डावीकडे झाले, उजवीकडे झाले, मागे सरले. पाठीमागचं दार वाकून आत आलं, दाराशी उभी असलेली आत्या आली, कडेला मी आले.

"आक्का," ते मान वर न करता म्हणाले, "हितं तू बी दिसतीस बघ. खोटारडी."

"आन् खरं सांगितलं असतं, तर पाठिवला असतास व्हय रं पोरीला?"

आप्पांनी घागर थोडी फिरवली, पुन्हा आत बघितलं. मग घागरीच्या कडेला दिसणाऱ्या मलाच विचारल्यासारखं म्हणाले, "परीक्षा कवा हाय?"