साडीची तिरकी भिंत

काचीगुड्यातली आमची रिकामी जागा म्हणजे दोन उंच इमारतींमधली फट. इथं घर बांधलं तरी दिवसा दिवे लावावे लागणार, असं आई धरूनच चालली होती.

आर्किटेक्ट बाई आल्या आणि नकाशा काढायचा सोडून त्यांनी आईची पांढरी सुती साडी मागितली. आम्हा भावंडांना ती भिंतीसारखी ताणून धरायला लावली. स्वतः मागच्या सावलीत, स्वयंपाकघर होणार होतं त्या जागी, मातीतच मांडी घालून बसल्या.

“और तिरछा... और... बस, हिलो नक्को!”

रस्त्यावरचं ऊन साडीवरून वळलं आणि थेट मागे पोचलं. बाईंनी उठून तिथं आईला बसवलं.

“दीवार सीधी रखे तो धूप दरवाजे मेंच रुक जाती, अम्मा.”

आई उन्हात तळहात उलटेपालटे करून पाहत राहिली. आमचे हात भरून आले होते, पण साडी खाली करायचं कुणाच्या मनात येईना.