चिंचोक्यांची खळ

परवा सुनेनं जुन्या स्टुलावर गुलाबाच्या फुलांचा, मुद्दाम जुनाट दिसणारा कागद चिटकवला. विकतचा गोंद संपला म्हणून तिनं पिठाची खळ शिजवली, आणि त्या वासासरशी मी पाली गावातल्या आमच्या माहेरच्या घरात जाऊन उभी राहिले.

दुष्काळाचं वर्ष होतं. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि कपाटाचं दार वाळवीनं खाल्लेलं. आई साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरांमधली चित्रं कापून त्यावर लावत होती. खळ नुकतीच चुलीवरून उतरवली होती. तेवढ्यात शेजारची काशीकाकू दारात आली आणि हुंगत म्हणाली, "काय शिजवायलीस गं?"

"खळ हाय. चिंचोक्यांची."

"चिंचोक्यांची का पिठाची?"

आईचा हात थांबला. आमच्याकडं पीठ असल्याचा बोभाटा झाला, तर सोसायटीतून मिळणारं मदतीचं धान्य बंद झालं असतं. काकू सरळ आत आली. तिनं ऊन खळीत बोट घातलं आणि चाटलं. "चिंचोकेच हायत," म्हणाली. मग पुन्हा बोट घातलं, पुन्हा चाटलं, आणि निघून गेली.

"चोंबडी! खातरी करायला आलती," आई पुटपुटली. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं.

परवा सुनेची नजर चुकवून मी तिची खळ चाटून पाहिली. खात्री करायला एक बोट पुरतं. काकूनं दोनदा चाटली होती.