पथ्य मोडून दिघीपर्यंत

जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. दिघीच्या लाँचवर तिकिटं लिहायला माणूस हवा आहे, अक्षर चांगलं असेल तर येऊन भेटावं, असं तिथल्या एजंटाने मला कळवलं होतं. त्या कार्डाला माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, मला न विचारता उत्तर धाडलं : प्रकृती ठीक नसल्यामुळे येणे जमणार नाही. हे मला आठ दिवसांनी वहिनीच्या बोलण्यातून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माणगावच्या स्टँडवर उभा होतो.

प्रकृतीचं आधी सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाची गत माझ्यासारखी असेल. तीन वर्षांपूर्वी, फायनलच्या वर्गात असताना, मला विषमज्वर झाला. शाळा सुटली ती सुटलीच. डॉक्टरांनी चाळीस दिवस पथ्य सांगितलं होतं. आमच्या घरात ते चाळीस दिवस कधी संपलेच नाहीत. तांदळाची पातळ पेज, दूध, मीठ बेताचं. मिरची बंद, मासळी बंद. बाकीचे ओळीने जेवायला बसत, मी त्यांच्या आधी चुलीपाशी वाडगा घेऊन. पाहुणे आले की दादा सांगे, हा आमचा नाजूक. मी आता एकोणीस वर्षांचा आहे.

श्रीवर्धनची गाडी सकाळची पकडावी. पुढची जागा धरावी, कारण मागे बसलेला माणूस उतरताना लाल मातीचा झालेला असतो. मी बरोबर उकळलेल्या पाण्याची बाटली, ओव्याची पुडी आणि दोन लिंबं घेतली होती. बंड करायला निघालो होतो हे खरं, पण ओवा घेऊन.

म्हसळ्याला गाडी बराच वेळ थांबते. तिथे एक जण बटाट्याची भजी तळत होता. तीन वर्षांत मी भजी खाल्ली नव्हती. मी त्याला विचारलं, तेल आजचं की कालचं? त्याने झाऱ्यावरून नजर काढली नाही.

"तेल जुनं हाय, बटाटा आजचा हाय. खायचं तर खा, न्हायतर बाजूला हो, वारा येऊ दे."

मी दोन खाल्ली. मग गाडीत बसून पोटावर हात ठेवला आणि काय होतंय याची वाट पाहिली. काही झालं नाही. श्रीवर्धन आलं.

श्रीवर्धनात जेवणाची सोय करायची तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुपारीच्या बागा असलेल्या एक-दोन घरांत पडवीवर पानं वाढतात, पण ती मोजून. सकाळी सांगून ठेवलं नसेल तर भात पुरत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. दीड वाजता मी दारात उभा राहिलो, तेव्हा घरच्या काकांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि शेवटी शेवटचं पान मांडलं. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, आमसुलाचं सार, भात. वाढताना मी प्रत्येक पदार्थात काय काय घातलंय ते विचारत होतो. मिरच्या किती, खोबरं किती, वाटण कसलं. तिसऱ्या पदार्थाला काका वाकलेलेच थांबले.

"बाळ, तू जेवायला आला आहेस की पंचनामा करायला?"

पंगत हसली. मी खाली मान घालून जेवू लागलो, आणि केवळ त्या हसण्याचा राग म्हणून उसळ तीनदा मागून घेतली. ती उसळ अशी होती की चौथ्यांदाही घेतली असती. संध्याकाळी समुद्रावर लांबवर चाललो. माझ्या अंगात इतकी चाल आहे हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात कळ आली. खोटं सांगणार नाही, चांगलीच आली. तशातच बोर्लीपर्यंत गाडीने गेलो आणि पुढे दिघीची वाट पायी धरली. वाटेत एका आंब्याखाली दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. श्रीवर्धनकडे परतणारी एक मालाची लॉरी माझ्याजवळ येऊन थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, येतोस का परत? बरं दिसत न्हाय तुझं.

मी मागे वळलो असतो तर दादाने कार्डावर लिहिलेलं खरं ठरलं असतं. मी मान हलवली. लॉरी गेली. ओवा चावत मी अर्ध्या तासाने उठलो.

दिघीला धक्क्याजवळ एजंटाचं टेबल आहे. दाढीवाले, वयस्कर गृहस्थ. त्यांनी माझ्याकडून आगरदांडा हे खाडीपलीकडच्या बंदराचं नाव पाच वेळा लिहून घेतलं आणि अक्षर पसंत केलं. मग दादाचं कार्ड पुढे ठेवलं. यापूर्वीचे दोन कारकून महिन्याभरात पळाले, असं ते म्हणाले. काम जड म्हणून नाही, जेवणापायी. इथे खानावळ नाही. जना नावाची कोळीण होडीवरच्या माणसांना जेवू घालते, तेच खावं लागेल. आजारी माणूस त्यांना नको होता. आधी जनाबायकडे खाऊन ये, मग बोलू, असं सांगून त्यांनी मला वाट दाखवली.

झोपडीसमोर काठ्यांवर बोंबील वाळत होते. आत चुलीपुढे जनाबाय, आणि भोवती सहा-सात खलाशी. मी तिच्याजवळ जाऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असं, म्हटलं की मला फक्त पेज मिळेल का. पातळ.

तिने वरही पाहिलं नाही. "पेजच हाय. दुसरं काय खात्यात होरीवर जाताना?"

मी वळून पाहिलं. सगळ्यांच्या हातात वाडगे होते, आणि वाडग्यांत पेज. तीच. मनगटं माझ्या दंडांएवढी असलेली माणसं ती भुरकत होती.

पेजेबरोबर ज्याने त्याने आपला सुका बोंबील निखाऱ्यावर भाजून घ्यायचा असतो. मला दोन मिळाले. त्यांना वाळू होती. मी गरम पाणी मागितलं आणि ते तीन पाण्यांतून स्वच्छ धुतले. दोन्ही हातांत लिबलिबीत झाले. जनाबायने आता मात्र वर पाहिलं.

"आंघूळ घालतोस काय रं त्याला? लगीन लावायचं हाय?"

"हळद आण गो जने," एक म्हातारा खलाशी म्हणाला. "नवरा तयार हाय."

ते दोन मांजरांना गेले. जनाबायने दुसरे दिले आणि कसं करायचं ते सांगितलं. भाजायचा बोंबील धुवायचा नाही, नुसता झटकायचा. शेपूट वळेपर्यंत निखाऱ्यावर ठेवायचा, डोकं मोडायचं, मधला काटा ओढायचा आणि हातानेच चुरायचा. वर कच्चा कांदा. पहिल्या घासाला माझ्या नाकातून पाणी आलं. दुसऱ्याला खारट, जळकट, गोड अशा तिन्ही चवी एकदम लागल्या. तिसऱ्या घासानंतर मी त्या माणसांच्या ओळीत सरकून बसलो. कुणी जागा करून दिली नाही, कुणी अडवलंही नाही. मी वाडगा पुन्हा भरून घेतला.

एजंटाला मी सगळं खरं सांगितलं. सकाळी पोट दुखलं, आता खाऊन आलो, आणि मी येणार. ते म्हणाले, खाणाऱ्याचंच दुखतं. सोमवारी अंथरूण घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी माणगावला पोहोचलो तेव्हा दादा आमच्या किराणा दुकानात होता. मी उभ्याउभ्या सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने हातातलं माप गोणीत ठेवलं आणि हळू आवाजात बोलला. तापात असताना त्याने मला पाठीवर घेऊन डॉक्टरांकडे नेलं होतं, वाटेत माझी मान दोनदा त्याच्या खांद्यावरून लोंबली होती. ते त्याला अजून दिसतं. हे त्याने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं. तरी मी मागे हटलो नाही.

"तिथं पोट दुखलं तर कोण आहे तुला?" त्याने विचारलं.

"दुखेल. कालही दुखलं. पोट माझं आहे, दादा."

गिऱ्हाईक आलं. त्याने साखर तोलून दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, वळकटीला दोरी नवी घे, जुनी कुजली आहे.

या तीन दिवसांचं काय राहिलं? उसळीची चव तर आहेच. जिभेवर अजून थोडी आग आहे. आणि एक धसमुसळी खात्री, की माणूस जेवणाने आजारी राहत नाही तितका जेवायला कुठे बसवतात त्याने राहतो. डॉक्टर हे मान्य करणार नाहीत. न करोत.

तुम्ही कधी दिघीवरून आगरदांड्याला गेलात, तर तिकीट माझ्याकडेच काढावं लागेल. नाव, गाव, माणसं किती एवढंच लिहून घेईन. तुम्हाला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे मी विचारणार नाही.