घडी घातलेलं कव्हर

नोकरीत किती गुन्ह्यांचा तपास केला याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण बिदर जिल्ह्यातल्या भालकीतली ती गाडीची चोरी मात्र तशीच्या तशी लक्षात आहे. त्यात टोळी नव्हती, हत्यार नव्हतं, वर्तमानपत्रात चार ओळींची बातमीही आली नाही.

मी तेव्हा तिथे पीएसआय होतो. एका संध्याकाळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसून ठाण्यात आले. नाव सांगत नाही. गल्लीत त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मीही तेच म्हणतो. पेन्शनरांच्या बैठकीसाठी ते बिदरला बसने गेले होते. परत येऊन बघतात तर शेडमधली पांढरी गाडी गायब. त्यांनी फिर्याद मराठीत सांगितली, आमच्या रायटरने ती कन्नडमध्ये लिहून घेतली, आणि अण्णांनी खाली सही ठोकली.

"माझ्या गाडीला कुणाच्या बापाला हात लावू दिला न्हाई मी आजवर," ते म्हणाले. "ड्रायव्हरसुद्धा ठेवला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला गेलो. शेडच्या फाटकाचं कुलूप शाबूत होतं. काच फुटलेली नाही, जमिनीवर ओढाताणीची खूण नाही. गाडीची एक चावी अण्णांच्या खिशात होती. दुसरी फार पूर्वीच हरवली असं त्यांनी सांगितलं. कोपऱ्यात गाडीचं कव्हर ठेवलेलं दिसलं. चारी टोकं जुळवून त्याची नीट घडी घातलेली होती, कपाटात साडी ठेवावी तशी.

"हे कव्हर कुणी घडी घातलं?" मी विचारलं.

"मी जाताना गाडीवर घातलेलं होतं," अण्णा म्हणाले. "चोरानंच काढलं असणार."

मी पंचनाम्यात तेवढंच लिहिलं. पण घाईत असलेला माणूस कव्हर भिरकावून देतो. शेडमधून निघालो तेव्हा अक्का चहा घेऊन आल्या. आम्ही चहा पिऊन होईपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या. गाडीबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. मला वाटलं, पोलिसांना बघून बुजल्या असतील. अशा घरांतल्या बायका बऱ्याचदा बुजतात.

शेजारच्या ठाण्यांना आणि उदगीरच्या बाजूला गाडीचा नंबर कळवला. रस्त्यावरच्या दुकानांचे कॅमेरे तपासायला माणसं लावली. खबर मात्र भलतीकडून आली. हुमनाबाद रस्त्यावर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. आमच्या हेड कॉन्स्टेबलची आणि त्याची जुनी ओळख. त्याने फोन केला, "जमादार, तुम्ही सांगितलेल्या नंबरची गाडी माझ्याकडं उभी हाय. नवरा-बायको ऑइल बदलायला आलेत."

जीप घेऊन गेलो. गाडी तीच होती आणि नंबरपाटीही तीच. आतल्या आरशाला निळ्या रंगाची छोटी पताका बांधलेली होती. शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोघं चहा पीत बसले होते. चोरीची गाडी घेऊन भर दिवसा, मूळ नंबरपाटी ठेवून, तिचं ऑइल बदलायला येणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. तरी कायद्याचं काम कायद्याने करावं लागतं. गाडी जप्त केली आणि दोघांना ठाण्यात आणलं.

ते हळ्ळीखेडचे. नवरा हायस्कुलात गणित शिकवायचा, म्हणून त्याला मास्तर म्हणतो. बायको भालकीच्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून सिस्टर. त्या दिवशी सुट्टी असल्याने ती साध्या साडीत होती. महिला कॉन्स्टेबलला बोलावून घेतलं आणि दोघांचे जबाब वेगवेगळे घ्यायला बसलो.

मास्तर आधी घाबरला होता, पण गाडीचा विषय निघताच खुलला. त्यांच्या घरात ही पहिलीच गाडी.

"कर्ज काढायचं न्हाई असं ठरवलं होतं साहेब. जेवढी रोख जमली तेवढ्यात बसंल ती गाडी. सहा महिने सुट्टी आली की फिरायलोत. लातूरला एक बघितली. मीटरवर रनिंग कमी, अन् क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. उदगीरला एक लई चकाचक होती. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघितला तर आत चिखल वाळलेला. पुरात बुडलेली गाडी. जहीराबादला तर त्या माणसानं आमची पिशवी बघितली अन् भावच वाढवला. रोख देणार म्हटलं की साहेब, समोरचा कागदाचं नावच काढत न्हाई."

"मग एवढी धडपड कामून?"

"आमचे अप्पा हायेत, माझे वडील. आजवर नागपूरला दीक्षाभूमीला गेले ते ट्रकमधी, न्हाई तर रेल्वेत दाराजवळ बसून. त्यांना एकदा घरच्या गाडीत न्यायचं होतं."

"मग ही कुणाकडून घेतली?"

इथे तो थांबला. आरसी आणि चावी त्याच्याकडे होती, पण आरसी बरेच लोक गाडीच्या कप्प्यातच ठेवतात, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. अर्धी रक्कम दिली, उरलेली मालकाची सही झाल्यावर द्यायची ठरली, एवढं तो बोलला. कुणाला दिली, ते नाही. "ते माझी बायको सांगंल," म्हणाला.

सिस्टर तर त्याहून कडक निघाली. "मी शब्द दिलाय. ज्यांनी विकली ते स्वतः येऊन सांगतील."

"बाई, तुमच्यावर चोरीच्या मालाचा गुन्हा लागायलाय. नोकरी जाईल."

तिने मान खाली घातली. डोळे भरले, पण तोंड उघडलं नाही. खोटं बोलणारा माणूस असा गप्प बसत नाही. तो काहीतरी सांगतो, कुणाचंतरी नाव घेतो, मग ते बदलतो. हिचं गप्प बसणं वेगळं होतं.

गाडी ओळखायला अण्णांना बोलावलं. ते आले, बॉनेटवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कुठले हायेत?"

"हळ्ळीखेडचे."

"कुठल्या गल्लीतले?"

मी सांगितलं.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले.

व्हरांड्यातल्या बाकावर मास्तर बसला होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. हे वाक्य मी नोकरीत पुष्कळ ठिकाणी ऐकलं होतं, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या गल्ल्यांबद्दल. नुसता पत्ता ऐकून फिर्यादीचं समाधान झालं, की तपास करणाऱ्याने जास्त सावध व्हायला पाहिजे.

त्या कव्हराचा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. दुपारी दुसऱ्या चावीबद्दल विचारायचं निमित्त करून मी अण्णांच्या घरी गेलो. अण्णा गाडी सापडल्याचं सांगायला गल्लीत गेले होते. अक्का एकट्याच होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "साहेब, त्या सिस्टरला पाणी-बिणी दिलंत का?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ती बाई नर्स आहे हे अण्णांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही ते ठाण्याबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं.

अक्कांना चूक लगेच कळली. त्यांनी ओट्यावर बसून घेतलं. "चोर शोधायलात न्हवं? चला, मी येते ठाण्यात. गाडी मीच काढून दिली."

वाटेत जीपमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. अण्णांना काचबिंदू झालेला. या आजारात समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचता येतो, पण कडेचं दिसणं हळूहळू जातं. त्यामुळे आपल्याला दिसत नाही हे अण्णांना पटतच नव्हतं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं, तर यांनी डॉक्टरच बदलला. पुण्यातल्या मुलाला सांगितलं, तर तो फोनवर हसला, "अगं, अण्णा माझ्यापेक्षा चांगली चालवतात."

"आम्ही उदगीरहून यायलो होतो," अक्का म्हणाल्या. "शाळा सुटलेली. डाव्या बाजूनं लेकरं रस्त्यावर आली. मला दिसायलीत, अन् हे सरळ चाललेत. मी ओरडले, तरी ह्यांना कळंना. शेवटी मी हँडब्रेक ओढला. एक पोरगी बंपरला हात टेकवून उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडलेला तिचा. काही लागलं न्हाई तिला. हे खाली उतरून त्या पोरीलाच रागावले. घरी येईपर्यंत मला, ब्रेक कामून ओढलास म्हणून. साहेब, त्या रात्री मला झोप आली न्हाई. पुढच्या खेपेला माझा हात पोचला न्हाई तर?"

डोळ्यांचं औषध आणायला त्या दवाखान्यात जात. तिथल्या सिस्टरला त्यांनी हे सगळं सांगितलं होतं. सिस्टर गाडी शोधत होती. अण्णा बिदरला गेलेल्या दिवशी अक्कांनी तिला बोलावलं. हरवलेली चावी हरवलेली नव्हतीच, त्यांनीच ती ट्रंकेत ठेवली होती. त्यांनी कव्हर काढलं आणि सवयीने घडी घातली.

"संध्याकाळी आले की सांगणार होते. 'मी सांगेपर्यंत कुणाजवळ बोलू नको' म्हणून पोरीकडनं शब्द घेतला. पण हे शेड बघून तसेच ठाण्याकडं पळाले. मग पोलीस दारात आले अन् माझी जीभच उचलंना."

अण्णांना ठाण्यात बोलावून घेतलं. अक्कांनी माझ्यासमोर, सिस्टर आणि मास्तरसमोर त्यांना सांगितलं. अण्णा आधी हसले. मग त्यांना कळलं की ही खरं बोलतेय.

"तू चोरी केलीस? माझ्या घरात?"

"व्हय."

"मला आंधळा ठरवायलीस सगळ्यांसमोर?"

सिस्टर हळूच म्हणाली, "अण्णा, आंधळं न्हाई. समोरचं तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं दिसतंय. कडेचं दिसत न्हाई."

अण्णा उठून निघून गेले. अक्का रिक्षाने मागून गेल्या.

गुन्हा घडलेलाच नाही, फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल आम्ही न्यायालयात दिला. त्याला बी रिपोर्ट म्हणतात. कागदावर गाडी अण्णांचीच होती, त्यामुळे न्यायालयाचा हुकूमही त्यांच्या नावाने आला. ते गाडी न्यायला आले त्या दिवशी मास्तर आणि सिस्टरही आले होते, आपली दिलेली रक्कम परत घ्यायला. अक्कांनी ती तशीच पदरात बांधून आणली होती.

अण्णांनी सही करून चावी घेतली. ठाण्याच्या आवारात गाडीत बसले, काच खाली केली, गाडी चालू केली. मग डावीकडचा दरवाजा आतून उघडला.

"बस," ते म्हणाले.

अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"बस की. घरी जाऊ."

"मी न्हाई बसणार." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "लग्न झाल्यापासून तुम्ही म्हणाल तिथं बसले. ह्या गाडीत आजपासून न्हाई बसणार. तुम्ही चालवणार असाल तर मी चालत येते."

मी व्हरांड्यात उभा होतो. आवारात माझी माणसंही होती. गाडी चालूच होती. अण्णा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. मग एकदा डावीकडे मान वळवली. पूर्ण वळवली, अक्का दिसेपर्यंत. असं वळावं लागतं हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी तेच पुन्हा उजवीकडे करून पाहिलं. मग गाडी बंद केली आणि खाली उतरले.

ते मास्तरसमोर जाऊन उभे राहिले. "मास्तर, त्या दिवशी मी जे बोललो…"

"ऐकलं होतं मी."

"चुकलं माझं."

"ते आता माघारी येत न्हाई अण्णा," मास्तर म्हणाला. आवाज चढला नाही. "तुम्ही गाडीचं बोला."

अण्णा चावी पुढे करून म्हणाले, "सकाळी थंड असताना दुसरा गिअर जरा अडतो. जोर लावायचा न्हाई. क्लच पुन्हा एकदा दाबायचा, मग पडतो."

मास्तरने चावी घेतली नाही. "आधी सही. आरटीओत, माझ्या नावावर, माझ्यासमोर. मग गाडी."

"चला," अण्णा म्हणाले. "आत्ताच चला."

चावी तेव्हा सिस्टरने घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मास्तरने गाडी चालवली, अण्णा शेजारी बसले, मागे अक्का आणि सिस्टर. फाटकातून बाहेर पडताना मास्तरने अण्णांना सीटबेल्ट लावायला सांगितलेलं मी ऐकलं.

पुढे सिस्टर दवाखान्यात भेटली तेव्हा म्हणाली, नागपूरला जाऊन आलो. अप्पा वाटेत झोपायलाच तयार नव्हते. रस्ता बघायचाय म्हणाले.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी नंतरच्या सगळ्या अधिकाऱ्यांना सांगितली. चोरी झालेल्या घरात गेलात की रडणाऱ्याचं जरूर ऐका, पण वस्तूबद्दल एकदाही न विचारणारा माणूस घरात कोण आहे तेही बघा. तो चोरच असतो असं नाही. कधी कधी त्या घरात काय घडू शकतं हे फक्त त्यालाच माहीत असतं, आणि त्याचं ऐकायला घरात कुणी तयार नसतं. अक्का कितीतरी दिवस सांगत होत्या. शेवटी त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं ते गाडी गेल्यावर, तेही पोलीस आले म्हणून.

निवृत्तीनंतर एकदा भालकीला गेलो होतो. उसाचा हंगाम होता. स्टँडसमोर रस्त्याच्या पलीकडे ते दोघं उभे दिसले, लातूरच्या बसला जायचं असावं. अण्णांच्या हातात पिशवी होती. मी हाक मारणार होतो, पण थांबलो. रस्ता ओलांडायच्या आधी ते मोठ्याने, चार माणसांना ऐकू येईल असं विचारत होते, "उजवीकडनं काय यायलंय का गं?"

"थांबा," अक्का म्हणाल्या. "ट्रॅक्टर जाऊ द्या."

अण्णा थांबले.