मायच्या गाण्याला ठेका

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तोंड पोळायच्या आधीपासूनच फुंकत आले आहे. औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचते, घरी येऊन तिसऱ्यांदा वाचते. लॅपटॉप घेतला त्या दिवशी त्याच्या कॅमेऱ्यावर आधी एक टिकली चिकटवली, मग डबा फेकला. हे हसले. म्हणाले, लॅपटॉपला सवाष्ण केलंस. हसू देत. कोण कुठून बघत असेल, सांगता येतं का?

आम्ही तेव्हा वरठीला राहत होतो. हे कारखान्यात, मी मोहाडीच्या एका शाळेत लिपिक. बाबा गेल्यावर मायला गावाहून आमच्याकडं आणलं होतं. मायचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, रोवणी करण्यात, चिखलात रोपं लावण्यात गेलं. रोवणीची गाणी म्हणणाऱ्या बायांत तिचा आवाज सगळ्यांत पुढं असायचा. तिच्या बरोबरीच्या बाया एकेक करून गेल्या, आणि ती गाणी आता एकट्या तिच्याजवळ उरली होती.

त्यात मला एक संशय आला, आणि हा संशय इतरांसारखा नव्हता. याची मला भीती वाटत होती. मायनं एकाच वरणात दोनदा मीठ घातलं. शेजारणीचं नाव तिला आठवेना. एकदा विहारातून वंदना करून येताना ती भलत्याच गल्लीत वळली. कुणाला काही न बोलता मी भंडाऱ्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आणि ती वेळ लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये दडवली. माय विसरायला लागली असेल, तर गाणी जायच्या आधी ती उतरवून घ्यायला हवी होती.

शाळेसाठी मुलांच्या कविता रेकॉर्ड करते म्हणून माइक घरात होताच. पण भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, पुण्याहून फोनवर म्हणाली, आत्या, नुसता आवाज कोण ऐकणार, खाली बीट टाक. ढोलकवाला घरी बोलवावा तर त्याच्यापुढं माय तोंड उघडणार नाही, हे मला माहीत होतं. तेव्हा लॅपटॉपमध्येच ड्रम आणि ढोलक वाजवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि माझ्या स्वभावाला मोकळं रान मिळालं.

पहिलं सॉफ्टवेअर स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्यानं पेनड्राइव्हमध्ये आणून दिलं. फुकट. फुकट ते पौष्टिक असं इतरांसाठी असेल, मला फुकट म्हटलं की आधी फसवणूक दिसते. यात व्हायरस नाही ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, अर्धा जिल्हा हेच वापरून राहिला." तेवढ्यानंच मी पेनड्राइव्ह परत केला. अर्धा जिल्हा काय काय वापरतो ते मला ठाऊक आहे.

दुसरं इंटरनेटवर होतं, तीस दिवस वापरून पाहा म्हणणारं. वापरून पाहायला पैसे नाहीत, पण आधी कार्डाचा नंबर द्या. पैसे घ्यायचे नाहीत तर नंबर कशाला? खाली लोकांचे अभिप्राय होते, सगळ्यांचे पाच तारे, आणि सगळ्यांची भाषा एकाच मास्तरनं शिकवल्यासारखी. मी ते पान बंद केलं आणि पासवर्डही बदलला.

तिसरं विकतचं होतं. एकदाच पैसे, पक्की पावती, आणि त्यात ढोलक, डफ, टाळ, घुंगरू असं सगळं. नमुन्याला दिलेले तुकडे मी आठवडाभर ऐकले. जेवताना, भांडी घासताना, शाळेच्या बसमध्ये. त्यात एक बटण होतं, ते दाबलं की वाजवणारा माणूस वाटावा म्हणून ते यंत्र मुद्दाम थोडं चुकायचं. एखादी थाप उशिरा, एखादी हलकी. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. चुका करायला शिकवलेलं यंत्र उद्या आणखी काय करेल? पण खरं सांगायचं तर ते बटण दाबल्यावर ढोलक फार गोड वाजायचं. मी तेच घेतलं.

आमचं घर रेल्वेलाइनच्या जवळ. मालगाडी गेली की भिंतीवरचा फोटोसुद्धा थरथरायचा. म्हणून रविवारी दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, मी मायला माइकपुढं बसवलं. तिच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यात नुसता ठोका सोडला, म्हणजे ती त्याला धरून गाईल आणि ढोलक मला मागून बसवता येईल.

"हे टकटक कोण करून राहिलं?" तिनं विचारलं. संशय घेणं मी कुठून घेतलं ते तेव्हा दिसलं असतं, पण मी घाईत होते.

तिनं सुरुवात केली. बगळ्याजवळ माहेराला निरोप धाडणाऱ्या सासुरवाशिणीचं गाणं. आवाज थोडा चिरका झाला होता, पण जागेवर होता. ताल मात्र जागेवर नव्हता. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती जराशी थांबायची, आणि चार ओळी झाल्या की चांगलीच थांबायची. तेवढ्यात ठोका पुढं निघून जायचा. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा तोल गेला.

"माय, तू मधात काहून थांबतेस? विसरतेस का?"

"मी कुठं थांबली वं?" ती म्हणाली.

आपण थांबतो हे तिला कळतही नव्हतं. पर्समधली चिठ्ठी आठवली. मी हेडफोन काढून घेतला, तिला म्हटलं तुला हवं तसं म्हण, आणि तिनं सलग सहा गाणी म्हटली. सगळ्यांत तसंच थांबणं.

पुढचे काही दिवस शाळेतून आल्यावर मी त्यातलं बगळ्याचं गाणं नीट करत बसले. लॅपटॉपवर आवाज लाटेसारखा दिसतो, आणि जिथं माणूस थांबतो तिथं सपाट रेघ दिसते. मी त्या सपाट रेघा एकेक करून कापल्या आणि उरलेला आवाज ठोक्याला चिकटवला. ओळीनंतरच्या सगळ्या रेघा साधारण एका मापाच्या आणि चार ओळींनंतरच्या सगळ्या दुसऱ्या एका मापाच्या आहेत, हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. विसरणारं माणूस इतकं मापात विसरत नाही. एरवी प्रत्येक गोष्टीत खोट शोधणारी मी, हे दिसूनही मला काही सुचलं नाही. कारण मायबद्दलचा संशय मी आधीच खरा मानून बसले होते. खाली ढोलक टाकलं, चुकण्याचं बटण दाबलं. मायच्या चुका काढून टाकल्या आणि यंत्राच्या विकत घेतल्या.

गाणं मस्त झालं. अगदी रेडिओवर लावावं असं. यांनी ऐकून लगेच छान म्हटलं. इतक्या लगेच की पूर्ण ऐकलं की नाही अशी मला शंका आली. भाचीनं अंगठे पाठवले. मग रविवारी मी मायला ऐकवलं.

ती भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तांदळाचं सूप. आधी ढोलकाकडं लक्ष देऊन ऐकलं, मग आवाजाकडं. कपाळाला आठ्या पडल्या.

"कोण होय ही?" तिनं विचारलं.

स्वतःचा आवाज ओळखत नाही. इतकं पुढं गेलं आणि मी ढोलक निवडत बसले, असं वाटून मला रडू आलं. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच सांगितलं, माय, तूच आहेस.

"मी नाही," ती म्हणाली. "आवाज माहा असंल. पण ही बाई रोवून नाही राहिली. हिच्या हातात पेंडीच नाही."

पेंडी म्हणजे रोपांची जुडी, हे मला माहीत होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून मी ती लांबूनच पाहिली होती. बाकीचं तिनं मला त्या दिवशी सांगितलं. सांगितलं म्हणजे सूप बाजूला ठेवून, घरातल्या फरशीवर उभी राहून, वाकून दाखवलं. ओळ संपली की एक पाऊल मागं जायचं. चिखलातून पाय काढायला वेळ लागतो, तेवढा वेळ कुणीच गात नाही. चार ओळींत डाव्या हातातली पेंडी संपते. मग मागं पडलेली दुसरी उचलायची, तिचा बंध सोडायचा, रोपं हातात नीट घ्यायची. सगळ्या बायांनी घेतली की मगच गाणं पुढं. एखादीची राहिली तर सगळ्या थांबतात.

"तुले कसं माहीत राहीन," ती म्हणाली. "मी तुले बांधीत उतरूच नाही देलं. म्हटलं, ही लिहील."

तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. मला मात्र इतकी लाज वाटली की मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच उभी राहिले. जिनं चिखलातून पाय काढत घालवलेल्या वेळावर माझं शिक्षण झालं, तिचा तो वेळ मी कचरा समजून कापून फेकला होता.

डॉक्टरांची चिठ्ठी मी फाडली नाही. मीठ दोनदा पडलं होतं ते खरंच होतं, आणि पुढं ते आणखी खरं होत गेलं. पण त्या दिवशी मी आधी लॅपटॉप उघडला. मूळ आवाज होता, कारण माझ्यासारखी बाई कुठलीच गोष्ट एका जागी ठेवत नाही, तीन ठिकाणी ठेवते. ठोका बंद केला, चुकण्याचं बटणही बंद केलं. मायच्या पावलांमागं एकेक थाप हातानं बसवली, आणि ती थांबते तिथं ढोलकही थांबवलं. नमुने ऐकण्यात मी आठवडा घालवला होता. हे एक गाणं बसवायला तीन आठवडे लागले.

मायला पुन्हा ऐकवलं. पहिल्या चार ओळी झाल्या, ढोलक थांबलं, आणि मांडीवरचा तिचा उजवा हात मागं गेला. फरशीवरून काहीतरी उचलून तिनं डाव्या हातात दिलं. मग पुढची ओळ लागली. गाणं संपल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तू कधी शिकलीस वं रोवणं?"

मी काही शिकले नव्हते. तिचंच कापलेलं परत जोडलं होतं. पण हे तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही, आणि तिनंही, तिच्या स्वभावाबाहेर जाऊन, दुसऱ्यांदा विचारलं नाही.