जोडीचा एक हात

डॉक्टरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिपायाला म्हणाला, "हिच्या नवऱ्याला बोलाव."

मिलचा दवाखाना म्हणजे गोदामाला लागून असलेली एक खोली. दारात आम्हा बायकांची रांग. नवरा हमालीवरून तसाच उठून आला. डोक्यावर पोत्याची खोळ, भुवयांत तुरीचा भुसा. त्याला वाटलं मला काही लागलं असेल.

"सध्या मूल नको म्हणून ही तांबी बसवून मागतेय," डॉक्टर म्हणाला. "तुला विचारलंय का?"

नवरा पायाकडे बघत राहिला.

"अरे बोल ना. ही बाई तुझी आहे, का हिची स्वतःची?"

शिपाई हसला. रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. आणि नवराही हसला. डॉक्टरचं मला नवल नव्हतं. नवऱ्याचं हसणं मात्र जिव्हारी लागलं.

मग डॉक्टर माझ्याशी बोलला, पण खिडकीकडे बघून. "तांबीला स्वच्छता लागते. तुमच्या वस्तीत ते जमायचं नाही. सरळ ऑपरेशन करून टाक. फंडातून होतं, भरपगारी रजा मिळते, वर स्टीलचं पातेलं."

मी जळगावच्या त्या डाळ मिलमध्ये निवडणीवर होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दिवसभर मांडी घालून बसायचं, डाळीतले खडे, काळे दाणे, काड्या वेचायच्या. डॉक्टरच्या घरची डाळ आमच्याच मिलमधून जायची. माझ्या बोटांनी निवडलेली. ती त्याला स्वच्छ वाटत होती. माझं अंग वाटत नव्हतं.

शेठच्या सुनेला याच डॉक्टरने तांबी बसवली होती. तिला कॉलेज पुरं करायचं होतं म्हणून. तिच्याकडे धुणंभांडी करणारी बाई आमच्याच वस्तीतली, तेव्हा हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. तिच्या नवऱ्याला कुणी बोलावून आणलं होतं का? तिला कुणी पातेलं दाखवलं होतं का?

मला कॉलेज नव्हतं. मला जगायचं होतं. माझं पहिलं लेकरू गोवराने गेलं, दीड वर्षाचं होऊन. मग मुलगी झाली. मग पुन्हा मुलगा, आणि त्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की सरकारी दवाखान्यातल्या बाईने सासूला बाहेर नेऊन सांगितलं, पुढचं दोन-तीन वर्षांत आलं तर ही वाचणार नाही. मुलगा काटकुळा, दूध ओढायचीही ताकद नसलेला. आमच्या वस्तीत पाच वर्षांचं होईपर्यंत लेकरू आपलं धरत नाहीत. मग मी ऑपरेशन कसं करून घेऊ? एक तर गेलाच होता. हाही गेला तर?

सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसवत, असं कुणी म्हणेल. बसवत होते. पण तिथल्या नर्सच्या मागे ऑपरेशनांचा आकडा भरायचा तगादा. मला बघितलं की ती म्हणायची, "दोन आहेत ना? मग ऑपरेशनलाच ये." आणि तिथे जायचं तर खाडा. मिलच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दोन दिवस खाडा झाला की जागेवर दुसरी बाई बसलेली असायची.

म्हणून मला फंड हवा होता. आमच्या मिलमध्ये आजारपणाचा फंड होता. दर महिन्याला आमच्या पगारातून कपात, थोडी भर शेठची. साहेब लोकांचा जसा विमा, तसा हा आमचा. त्यातून काय काय मिळायचं? मूळव्याध मिळायची. अंतर्गळ मिळायचा. दारू पिऊन गटारात पडून मोडलेला हात मिळायचा. बायकांचं सहावं बाळंतपणही मिळायचं. फक्त सहावं होऊ नये म्हणून कायमचं ऑपरेशन सोडून दुसरं काही करायचं तर ते मिळत नव्हतं. तो म्हणे आजार नाही.

फंड आणि युनियन दोन्ही नाना बघायचे. नाना म्हणजे आमचे पुढारी. खादीचा झब्बा, गोड बोलणं. जयंतीच्या सभेत आमच्या विहारासमोर उभं राहून स्त्रीमुक्तीवर असे बोलायचे की बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही आलं होतं. म्हणून डॉक्टरकडून निघाले ती सरळ त्यांच्याकडे गेले. सातवी शिकलेली बाई मी, स्पष्ट बोलले. "नाना, तांबीचा खर्च आणि दोन दिवसांची भरपगारी रजा फंडातून द्या. माझ्या एकटीसाठी नाही. निवडणीवरच्या सगळ्या बायकांसाठी."

नानांचे डोळे चमकले. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती. "वा! पुरोगामी मागणी आहे. वार्षिक सभेत मांडू."

आता आमच्या सभेची रीत सांगते. मतदान हात वर करून. पण नवराबायको दोघं मिलमध्ये असतील तर त्या जोडीचा एकच हात, आणि तो नवऱ्याचा. कपात दोघांची, हात एक. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नव्हतं. निवडणीवरच्या बहुतेक बायकांचे नवरे तिथेच हमाल किंवा चाळणीवर. म्हणजे आम्हाला हात नव्हते. हात होता तो विधवांना. माझ्या शेजारी निवडायला बसणारी सलमाबी म्हणायची, "मेरा मरद गया, तब मेरेकू हाथ मिला." मला आधी त्यावर हसू यायचं.

सभा आवारातच भरली. शेठ आणि डॉक्टर खुर्चीत, नाना टेबलामागे, पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका पोत्यांच्या थप्पीला टेकून जमिनीवर. माझा विषय शेवटी आला. नानांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "या भगिनीची मागणी आहे." सगळ्या माना वळल्या. पुढे तासभर तिथल्या प्रत्येकाने माझ्या पोटावर मत दिलं. मला सोडून.

एक म्हणाला, "आणीबाणीत माझ्या भावाला नसबंदीला उचलून नेलं होतं. पुन्हा तेच आणायचंय का?" मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, मी तेच तर टाळतेय! एक म्हणाला, हे धर्मात बसत नाही. दुसरा म्हणाला, आपल्या लोकांची संख्या कमी करायचा हा डाव आहे. एक पोरगेलासा हमाल म्हणाला, "आज तांबी देशाल, उद्या लगन नही व्हयेल पोरीबी मांगतीन." हशा पिकला. डॉक्टर उठून म्हणाला, "फंड आजारासाठी आहे. गर्भ राहणं हा निसर्ग आहे. निसर्गाचा विमा कसा उतरवायचा?" टाळ्या पडल्या. शेठ फक्त एवढंच बोलले, "फंडात माझेही पैसे आहेत. माझ्या पैशाने असलं काही होऊ नये, ही माझी श्रद्धा." घरात सून, आणि इथे श्रद्धा!

मी नानांकडे बघत होते. आता बोलतील. आता तरी बोलतील. नाना शेठकडे बघत होते.

"विषय मांडायचं काम मी केलं," ते म्हणाले. "आता सभेचा कौल. बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

सलमाबीचा हात वर गेला. आणखी दोन विधवांचे गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "सलमाबी, तुला कशाला तांबी?" पुन्हा हशा. तिचा हात खाली आला नाही.

"विरोधात?"

हातच हात. आणि त्यात माझ्या नवऱ्याचा. मोठा, पोती उचलून घट्टे पडलेला हात. शेठ बघत होते, म्हणून जरा जास्तच उंच. ज्या रात्री मी रक्तात पडले होते, त्या रात्री याच माणसाने मला खाटेवर घालून सरकारी दवाखान्यापर्यंत नेलं होतं. त्याला सगळं माहीत होतं. आणि तो हात जोडीचा होता. म्हणजे माझाही होता. माझ्या मरणाच्या बाजूने मीच मत दिल्यासारखं झालं.

मी उठले. हात वर केला.

"माझा हात मोजा."

"अगं, तुझ्या नवऱ्याचा मोजला की," नाना म्हणाले. "जोडीचा एक."

"तो त्याचा. हा माझा. कपात दोघांची घेता, मग हात एकाचा कसा?"

शेठ हसून म्हणाले, "घरात भांडा, बाई. सभेत नको."

नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "बस खाले. बस म्हंतस ना."

मी बसले नाही. सलमाबी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आणखी एक बाई उठली, तिला नवऱ्याने दंड धरून खाली बसवलं. बाकीच्या मूग गिळून बसल्या. मला त्यांचाही राग आला, आजही येतो. नानांनी वही मिटली आणि सभा संपल्याचं सांगितलं.

वाटेत नवरा म्हणाला, "मी काय करू? शेठ मनाकडेच देखी राह्यंता. तुनं काम, मनं काम, बठ्ठं जातं."

खोटं नव्हतं ते, दोघांचंही काम गेलं असतं. पण त्याने काम वाचवायला जे दिलं, ते त्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तान्ह्याला घेऊन मी धुळ्याची बस धरली. देवपुरात माझी मावशी राहायची, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. तिने मला ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी विचारलं, "तुला काय हवंय?" एवढंच. मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. तांबी बसली. पोटात कळा होत्या, पण दोन दिवस मावशीच्या खोलीत मी जिवाची धास्ती न घेता झोपले.

परत आले तर माझ्या जागेवर दुसरी बाई. शेठचा निरोप नवऱ्याकडे आला होता, आवारात सगळ्यांसमोर माफी मागितली तर परत घेऊ. नवरा माझ्या पाया पडायच्या बेताला आला. मी गेले नाही. पुढे मी दुसऱ्या मिलमध्ये लागले, कमी रोजावर. पहिल्याच पगाराला मुकादमाला सांगितलं, "फंड कापायचा तर सभेत माझा हात वेगळा मोजायचा. नाहीतर कापू नका." त्याला वाटलं बाई चळलीय. वाटू दे.

नवऱ्यालाही सांगितलं. "माझ्या वतीने पुन्हा कधी हात वर केलास, तर त्या दिवशी चूल वेगळी." मी त्याला माफ केलेलं नाही. त्याची भाकरी थापते, दुखलंखुपलं बघते, पण माफ केलेलं नाही.

त्या निवडणुकीत नाना आमच्या गल्लीत आले. मागे ढोल, गळ्यात हार. ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला हात जोडून म्हणाले, "काय भाऊ, घरातली दोन्ही मतं आपलीच ना?"

नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी पीठ भरल्या हातांनी दारात आले. म्हटलं, "नाना, घराला मत नसतं. याचं याला विचारा. माझं मला विचारा. आणि माझं तुम्हाला नाही. या वेळी नाही, पुढच्या वेळी नाही, मी मरेपर्यंत नाही."

ढोलवाला थांबला. नाना काहीतरी गोड बोलायला गेले.

"पुढच्या घरी जा," मी म्हटलं. आणि ते गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दारातून हलले नाही.