फिल्टरमधली चमक

माझे मित्र देशपांडे यांचं स्वतःचं छोटं विमान आहे, दोन माणसं बसतील एवढं. त्या रविवारी ते मला घेऊन उडणार होते. आम्ही धावपट्टीजवळ पोचलो, तेव्हा मेकॅनिक सावंतमामा इंजिनाचं ऑइल बदलत होते. काढलेला फिल्टर त्यांनी कापला, आतला घड्यांचा कागद उलगडून उन्हात धरला. काळ्या तेलात बारीक काहीतरी चमकत होतं. मामांनी लोहचुंबक फिरवलं, तशी ती चमक त्याला चिकटून आली.

"आज उडायचं नाही," ते म्हणाले.

"अहो मामा, कालच तासभर उडवलंय. आवाज अगदी स्वच्छ होता!"

"आवाज सगळ्यात शेवटी बदलतो, साहेब. हे पोलाद आहे. आत काहीतरी झिजतंय."

देशपांडे हिरमुसले. मीही. परत येताना गाडीत मला उगाच माझ्या थोरल्या भावाचा फोन आठवला. दर आठवड्याला तो "मजेत आहे" म्हणतो, आणि त्याचा आवाज ऐकून मी निश्चिंत होतो. त्याच्या घरी जाऊन मात्र मला वर्ष झालं असेल.

पुढच्या आठवड्यात इंजिन उघडलं. आतल्या, झडपा उघडणाऱ्या दांड्यावरचा एक उंचवटा एका बाजूने पार झिजला होता. देशपांड्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारलं, "असंच अजून किती तास चाललं असतं?"

मामा फडक्याला हात पुसत म्हणाले, "ते कळलं असतं, तर कशाला उघडलं असतं?"